डॅशबोर्डचा मानकरी

दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या गाडीत तो अजून आपली जागा धरून आहे. व्हॉल्यूमच्या बटणावरचा रंग बोटांनी घासून गेलाय, इवल्याशा पडद्यावर अक्षरं सावकाश सरकतात. ब्लूटूथवर नवा फोन समोर आला की तो आधी गप्पच राहतो. लोक म्हणतात, ‘स्टिरिओ गेला.’ गेलेला नसतो. त्याला परक्याची ओळख पटलेली नसते.

ओळखीच्या बाबतीत तो फार काटेकोर. पहिल्यांदा जोडी जमते तेव्हा तो आणि फोन मिळून 128 बिटांची एक गुप्त किल्ली तयार करतात आणि दोघंही ती जपून ठेवतात. आपण फोनमधून गाडीचं नाव पुसतो, पण त्याच्याकडची किल्ली तशीच राहते. मग जोडी जमत नाही. म्हणून नाव दोन्हीकडून पुसायचं आणि ओळख नव्यानं करून द्यायची. मोजकेच फोन तो लक्षात ठेवतो. जागा भरली की नव्याला दार बंद. विकून टाकलेल्या जुन्या फोनांची नावं काढली की ते उघडतं.

वयाप्रमाणे त्याची रीत बदलते. 2007 मध्ये ब्लूटूथ 2.1 आलं, तेव्हापासून दोन्ही पडद्यांवर दिसणारा सहा आकडी नंबर जुळवून होकार देता येतो. त्याआधीच्या ब्लूटूथचा असेल तर तो पिन मागतो, बहुतेक वेळा 0000 किंवा 1234. काही स्टिरिओ गाडी उभी असल्याशिवाय नवी ओळख करूनच घेत नाहीत, आणि ते योग्यच आहे.

कॉल स्पष्ट ऐकू येतो, पण गाणं लागत नाही? त्याच्या लेखी ही दोन वेगळी कामं आहेत. फोनच्या ब्लूटूथ सेटिंगमध्ये गाडीच्या नावाखाली ‘मीडिया ऑडिओ’ चालू आहे का, ते बघावं. काही जुने स्टिरिओ फक्त कॉलपुरतेच घडवलेले असतात. त्यांच्याकडून ब्लूटूथवर गाण्याची अपेक्षा धरू नये, ऑक्सची वायर जोडावी. काहीच जमेना आणि शेवटचा उपाय म्हणून स्टिरिओ रीसेट करायला बॅटरीची वायर काढायची असेल, तर स्टिरिओचा सुरक्षा कोड आधी शोधून ठेवावा. वीज परत आल्यावर तो कोड मागू शकतो.

मोठा टचस्क्रीन बसवून देणारी दुकानं हवी तेवढी सापडतील. पण ज्याचा आवाज अजून खणखणीत आहे, त्याला भंगारात का काढायचं? त्याच्या रीतीनं विचारलं, तर तो आजच्या फोनलाही आपलं म्हणतो.