गाडी ठेवा, सायकल काढा

नाशिक म्हटलं की वीकेंडला वायनरीबाहेर गाड्यांची रांग. 1999 मध्ये सुला सुरू झाली, तेव्हापासून हे गणित पक्कं होत गेलंय. पण माझं ऐकाल तर गाडी हॉटेलवरच राहू द्या आणि सकाळी सहाला सायकल काढा. गंगापूर रोडनं सोमेश्वर मागं पडलं की गर्दी विरळ होते. पुढे धरणाचा मातीचा बांध, अडवलेल्या गोदावरीचं पसरलेलं पाणी आणि गिरणारेच्या दिशेनं बागाच बागा.

पंधराच्या स्पीडला बाग नीट बघता येते, ही खरी गंमत. डोक्यावर मांडव आणि खाली लोंबणारे घड म्हणजे खायची द्राक्षं. तारांवर कुंपणासारख्या उभ्या रांगा दिसल्या तर बहुधा वाईनची. त्यांचा मणी बारका, जाड सालीचा, बियांचा. (बिनबियांच्या थॉमसनवर वाढलेली आपली तोंडं वाकडी होणारच!)

मी गेलो तेव्हा आभाळ आलं होतं. सायकलीला एकदम झकास हवा! टपरीवर चहा पिणारे बागायतदार मात्र गप्प होते. ढगाळ हवा म्हणजे डाऊनी, भुरी. म्हणजे आणखी एक फवारणी, आणखी खर्च. काढणीच्या तोंडावर गारा पडल्या तर अख्खं वर्ष गेलं. माझं झकास मी चहाबरोबर गिळलं.

जायचं तर जानेवारी-फेब्रुवारीत, काढणी चालू असताना. फवारणीचा ट्रॅक्टर दिसला की लांबच थांबा. नऊच्या आत परता, नंतर गाड्या सुरू होतात. आणि टेस्टिंग संध्याकाळी, सायकलला कुलूप लावून.