नागपूर रोडची हॉटेलं

वर्ध्याहून नागपूरकडे निघालं की नालवाडी लागते. १९३२ मध्ये विनोबा भावे इथे राहायला आले. १९३४ मध्ये ग्रामसेवा मंडळ निघालं. तेव्हा नालवाडी वेगळं गाव होतं. आता वर्धा कुठे संपतं ते पाटी वाचून कळतं.

हॉटेलापुढचा लाकडी बाक गेला. तिथे दुचाक्या लागतात. चहा उभ्यानंच होतो.

दगडी कोळशाची शिगडी गेली. पहाटे तिचा धूर दिसला की हॉटेल उघडलं असं समजत. आता एकोणीस किलोचं निळं सिलिंडर आहे.

बशी आधी गेली, मग उभ्या रेघांचा काचेचा ग्लास. एक फुल चहा मागवायचा आणि दोघांत कट करायचा, त्यासाठी दुसरा रिकामा ग्लास न मागता यायचा. कागदी कप एकालाच पुरतो.

दलितांसाठीची वेगळी कपबशीही गेली. विदर्भात गावोगावच्या हॉटेलांत ती दाराबाहेर ठेवलेली असे. पिणाऱ्यानं स्वतः विसळून परत तिथेच ठेवायची. वर्ध्याचं लक्ष्मीनारायण मंदिर १९२८ मध्ये दलितांना खुलं झालं. हॉटेलांना त्यानंतरही बरीच वर्षं लागली. ती कपबशी गेली हे चांगलं झालं.

फडकं खांद्यावर टाकून टेबल पुसणारा पोऱ्या गेला. १० ऑक्टोबर २००६ पासून हॉटेलांत नि ढाब्यांवर चौदा वर्षांखालच्या मुलांना कामाला ठेवायला बंदी आली. हेही चांगलं झालं.

सकाळी तर्री-पोहे. ताटलीत पोहे, त्यावर काळ्या चण्यांची तर्री, वर कांदा, शेव, सांभार म्हणजे कोथिंबीर, लिंबाची फोड. पोहे निम्मे झाले की मालक तर्रीचा गंज घेऊन यायचा. पळीनं वरचा लाल तवंग बाजूला सारायचा, तळाचे चणे काढायचा आणि पुन्हा वाढायचा. विचारायचा नाही. आता तर्री वाटीत मोजून येते. जास्तीची वाटी बिलात लागते.

एका पेपराची पानं सुटी व्हायची. अग्रलेख एका टेबलावर, बाजारभाव दुसऱ्यावर. कापसाचा भाव मोठ्यानं वाचला जाई. आता पेपर बंद केला आहे.

१९९५ मध्ये राज्यात एक रुपयात झुणका-भाकर सुरू झाली. २००० मध्ये ही सरकारी योजना बंद पडली. ठिकठिकाणी केंद्रांचे ठेले तेवढे राहिले. त्यांत चायनीज मिळू लागलं. २६ जानेवारी २०२० ला दहा रुपयांची शिवभोजन थाळी आली.

चार आण्याचं नाणं ३० जून २०११ ला चलनातून गेलं. सुट्ट्यांऐवजी गोळी देणंही पुढे थांबलं. आता मोबाईलनं दिलेले पैसे आल्याचं यंत्र सांगतं.

उधारीची वही गेली. तिच्यात आडनावं नसत. मास्तर, कंडक्टर, दूधवाला, एवढंच. पगाराच्या दिवशी त्या नावावर आडवी रेघ पडे. पुष्कळांची रेघ उशिरा पडे, तरी चहा थांबत नसे.

पाण्याचा रांजण गेला. आता बाटली विकत घ्यावी लागते.

मार्च २०२० च्या लॉकडाउनमध्ये सगळीच हॉटेलं बंद झाली. काहींचं शटर नंतर वर गेलं नाही. त्यांतले गंज, कढया, झारे भंगारात वजनावर गेले.

वर्ध्यात गोरसपाक हा गोड खाऊ अजून मिळतो. लोक तो डब्यात भरून घरी नेतात.