पिन् पिन् कोरोरी

‘हातपाय चालते आहेत तोवर देवाने न्यावे, अंथरुणाला खिळवू नये,’ हे मागणे आपण घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले असेल. कदाचित स्वतःही मागितले असेल. या सबंध प्रार्थनेसाठी जपानी माणसाने एक छोटासा, काहीसा खट्याळ शब्दप्रयोग घडवला आहे : ‘पिन् पिन् कोरोरी’. ‘पिन् पिन्’ म्हणजे अगदी टुणटुणीत, आणि ‘कोरोरी’ म्हणजे एखादी वस्तू घरंगळावी तसे सहज जाणे.

हा शब्द रुजला तो जपानच्या नागानो प्रांतात, १९८०च्या दशकात, व्यायामाच्या प्रचारातून. डोंगराळ, थंड मुलूख. हिवाळाभर खारवलेल्या भाज्यांवर निभावणारा. साहजिकच तेथे पक्षाघात फार. डॉक्टरांनी आणि गावोगावच्या स्वयंसेविकांनी वर्षानुवर्षे घरोघरी जाऊन लोकांच्या जेवणातील मीठ कमी करविले, आणि आज नागानो दीर्घायुषी प्रांतांत गणला जातो. तेथील साकु शहरात ‘पिन्कोरो जिझो’ची मूर्तीही आहे. वृद्ध मंडळी तिच्यापुढे हात जोडून हेच मागणे मागतात.

मी पुण्यात जपानी शिकवते. एके दिवशी घरच्या वर्गात हा शब्द सांगितला आणि त्याच्या जोडीचा विरुद्धार्थीही : ‘नेन् नेन् कोरोरी’, म्हणजे दीर्घकाळ अंथरुणावर पडून मग जाणे. मुले हसली. मीही हसले.

पलीकडच्या खोलीत माझी आई होती. वय ८१, दोन वर्षांपूर्वी पक्षाघाताने डावी बाजू गेलेली. दर दोन तासांनी तिची कूस बदलावी लागते. संध्याकाळी पाठीला पावडर लावताना ती भिंतीकडे पाहत म्हणाली, “मग मी त्यातली दुसरी ना गं?”

मला उत्तर सुचले नाही. ठणठणीत राहण्याची इच्छा गैर नाही; परंतु तिची घोषणा झाली की अंथरुणावरचा माणूस परीक्षेत नापास झाल्यासारखा भासू लागतो. शब्द असे बोचतात हे जपानलाही ठाऊक आहे. स्मृतिभ्रंशासाठी तेथे ‘चिहो’ हा शब्द रूढ होता. त्यातील दोन्ही अक्षरांत मूढपणाचा अर्थ आहे, म्हणून २००४ साली सरकारने तो बदलून ‘निन्चिशो’ हा शब्द स्वीकारला.

रात्री मी आईला आणखी एक शब्द सांगितला. आपला ‘मेइवाकु’, म्हणजे दुसऱ्याला त्रास, होऊ नये याची जपानी माणसाला विलक्षण धास्ती असते. तरीही कोणी त्रासाबद्दल क्षमा मागितली, तर समोरचा अनेकदा म्हणतो, ‘ओतागाइसामा’. आज तुमची वेळ, उद्या माझी; हे तर एकमेकांचेच आहे.

“लहानपणी तुला गोवर आला होता,” आई म्हणाली, आणि मग बराच वेळ काही बोलली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी उशी उंच करून मी तिला टेकवून बसवले. कप ओठांशी नेला तेव्हा रोजच्याप्रमाणे तिने सुरुवात केली, “तुला माझा किती...” आणि मध्येच थांबली.

“ओतागा... पुढे काय गं?”

मी सांगितले. तिने दोनदा म्हणून पाहिले, दोन्ही वेळा चुकले. तोवर चहा निवला होता. तो पुन्हा गरम करायला मी उठले.