फायलीत नसलेला कागद

माझ्या सीटमागे एक निळी प्लास्टिकची फाइल असते. आरसी, परमिट, पासिंगचा दाखला, विमा, पीयूसी, टॅक्सची पावती. हे सगळं मोबाइलमध्येही आहे आणि २०१८ पासून तिथले कागद चालतात, हे मला ठाऊक आहे, अडवणाऱ्या साहेबांनाही ठाऊक आहे. तरी फाइल ठेवतो. रात्री दोनला तोंडावर टॉर्च पडली की रेंज शोधत बसण्यापेक्षा फाइल पुढे केलेली बरी. एकतीस वर्षं स्टिअरिंग धरतोय. या फायलीतला प्रत्येक कागद कुणी ना कुणी मागितलेला आहे. गाडीचं वय विचारलं, धूर विचारला, बॅटरी किती जुनी तेही एकाने विचारलं. ‘तू कधीपासून जागा आहेस?’ एवढं मात्र कुणी विचारलं नाही.

मी जालन्याहून सळई भरतो. सळई हा फसवा माल. भुसा भरला तर हौदा शिगोशीग होतो आणि काट्यावर वजन किरकोळ येतं. सळईचं उलटं. बारा मीटरची सळई मधोमध वाकवून, केसातल्या आकड्यासारखी दुमडून हौद्यात टाकतात. बारा टन पडले तरी फाळक्याच्या निम्म्यालाही माल लागत नाही, लांबून बघणाऱ्याला गाडी रिकामीच वाटते. लोडिंगवरचा पोरगा मग म्हणतोच, “काका, अजून दोन बंडल बसतील की.” बसतील ना, जागा ढीगभर आहे. मी त्याला मागच्या चाकाशी नेतो आणि पाटे दाखवतो. कमान शिल्लक आहे की पाटे सरळ झाले, ते बघ म्हणतो. तो बघतो आणि दुसऱ्या खेपेला पुन्हा तेच विचारतो.

माझी गाडी सहाचाकी. २०१८ च्या जुलैत केंद्र सरकारने एक्सलचे भार वाढवले, तेव्हा या वर्गाची मर्यादा १६.२ टनांवरून १८.५ वर गेली. साडेअठराचा आकडा सगळ्यांना पाठ आहे. त्याच्या पोटातले दोन आकडे फारसे कुणी सांगत नाही: पुढच्या एक्सलला ७ टन, मागच्या जोडचाकांच्या एक्सलला साडेअकरा. बेरीज नेमकी साडेअठरा, सवडीला जागाच नाही. बंडल हातभर मागे सरकलं की काट्याची पावती बरोबर आणि गाडी चूक. मागे भार गेला की स्टिअरिंग लोण्यासारखं फिरतं. नवख्याला ते सुख वाटतं, मला घाम फुटतो. फार पुढे ढकललं तर करकचून ब्रेक लागल्यावर सळई केबिनमध्ये यायची भीती. म्हणून भरताना मी चहाला जात नाही.

पूर्वी जादा वजनाचा दंड दोन हजार आणि वरच्या प्रत्येक टनाला एक हजार असा होता. तीन टन जास्त म्हणजे पाच हजार. मालक लोक तो दंड मानतच नसत, डिझेलसारखा भाड्यातच धरत. २०१९ च्या दुरुस्तीने तो वीस हजार आणि टनाला दोन हजार झाला. त्याच तीन टनांना सव्वीस हजार. शिवाय जादा माल तिथेच उतरवल्याशिवाय गाडी हलू द्यायची नाही, उतरवायचा खर्चही आपलाच. रस्त्याकडेला मध्यरात्री सळई उतरवायला हमाल कुठून आणणार? तेव्हापासून जालन्यात दोन बंडलांचा आग्रह जरा मवाळ झाला. माणसं सुधारली असं मी म्हणणार नाही, हिशोब बदलला.

ओव्हरलोडची माझी पावती मात्र त्याच्या खूप आधी कसारा घाटात फाटली होती. मी तेव्हा पगारी. मालक डिझेल मोजून द्यायचा, वाचलं ते ड्रायव्हरचं. त्यामुळे उतार लागला की गाडी न्यूट्रलला. हे नियमाविरुद्ध आहे हे लायसन काढतानाच कळलेलं असतं, पण वाचलेल्या डिझेलचे पैसे संध्याकाळी हातात पडतात. त्या रात्री चार टन जास्त होते. इगतपुरी सोडली आणि तिसऱ्या-चौथ्या वळणावर जळक्या रबराचा वास केबिनमध्ये आला. ब्रेक दाबला की पाय खोल जाई आणि गाडी आपल्या विचाराने थांबे. हवेच्या काट्याकडे बघायचं धाडस होईना. वेगात गिअर पडेना, पडला तेव्हा कर्रकन आवाज आला आणि गाडी धक्का खाऊन सावरली. बाकीचा घाट दुसऱ्या गिअरवर उतरलो. मागून हॉर्न वाजत होते, वाजू दिले. खाली आल्यावर किन्नराने चाकांना दगड लावले आणि हबवर बाटलीतलं पाणी टाकलं. तव्यावर टाकल्यासारखं ते चरचरलं. पोरगं सतरा-अठरा वर्षांचं. काही बोललं नाही, दुसऱ्या दिवशी घरी निघून गेलं.

नॅशनल परमिटच्या गाडीला तेव्हा दोन ड्रायव्हर आणि केबिनमध्ये एकाला आडवं होता येईल एवढी जागा, असा नियम होता. जागा होती, तिच्यावर ताडपत्री आणि दोर झोपत. दुसरा ड्रायव्हरही होता, कागदावर. तो मालकाचा मेहुणा. चार वर्षं आम्ही दोघांनी मिळून गाडी चालवली आणि पहिली भेट मालकाच्या मुलीच्या लग्नात झाली. भला माणूस निघाला, वाढताना मला दोन जिलब्या जास्त दिल्या.

झोपेचा कायदा नाही असं नाही. मोटार परिवहन कामगारांचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत होता. दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस, सलग पाच तासांनंतर निदान अर्धा तास विसावा. तो कायदा पाच किंवा जास्त माणसं कामाला असलेल्या धंद्यांचा होता, पण १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ९१ वं कलम तेच तास मालगाडी चालवायला ठेवलेल्या माणसाला लावतं. त्याच्या जागी आलेल्या नव्या कामगार संहितेतही आठाचा आकडा आहेच. मला हे एका वकिलांनी सांगितलं, त्यांच्या घराच्या स्लॅबची सळई मीच नेली होती. मी विचारलं, “मी स्वतःच मालक, स्वतःच ड्रायव्हर. मला कोण झोपवणार?” ते हसले आणि मापात सळई कमी भरल्याचा विषय काढला.

गंमत म्हणजे दिवसाला माणसाने किती चालावं याचा जरा माणुसकीचा अंदाज मला जीएसटीच्या ई-वे बिलात सापडला. दोनशे किलोमीटरला एक दिवस. जालना ते भिवंडी साडेतीनशेच्या आसपास, म्हणजे दोन दिवस. आज बिल निघालं तर परवा मध्यरात्रीपर्यंत चालतं. करखात्याने हे काही माझ्या डोळ्यांसाठी केलेलं नाही, पण दिलं तर आहे. माल मागवणाऱ्या शेठला मात्र तो उद्या पहाटे पाचला साइटवर लागतो. दोन दिवसांचं बिल खिशात घेऊन आम्ही एका रात्रीत पळतो.

समृद्धी महामार्ग झाल्यावर हे पळणं सोपं झालं, आणि तिथेच मी झोपलो. काँक्रीटचा सरळसोट रस्ता, चाकांची एकसुरी घरघर, ना गतिरोधक, ना म्हैस आडवी. पहाटे साडेतीनला डावीकडून खर्रर्र आवाज आला आणि डोळे उघडले. उघडले म्हणजे ते मिटलेले होते. कडेच्या लोखंडी कठड्याला हौदा घासत होता. गाडी सावरून पुढे थांबवली. आरसा गेला होता, डाव्या अंगाचा पत्रा हातभर सोललेला. मी खाली उतरून चाकाला टेकून बसलो, किती वेळ ते आठवत नाही.

दोन दिवसांनी एका नाक्यावर गाडी अडवली. फाइल दिली, कागद सगळे चोख. साहेब गाडीभोवती फिरून आले. “बाजूची पिवळी पट्टी कुठाय?” पुढे पांढरी, मागे लाल, बाजूला पिवळी अशी रिफ्लेक्टरची पट्टी लागते. पिवळी कठड्याला चिकटून राहिली होती. नियमाप्रमाणे चलान झालं. ती गेली कशी, हे त्यांनी विचारलं नाही. विचारलं असतं तर काय सांगितलं असतं, कोण जाणे.

त्यानंतर मी शंभर पानी वही घेतली. निघालो किती वाजता, थांबलो किती वाजता, झोपलो किती. साक्षीला कुणी नाही, म्हणून भाच्याला सही करायला लावतो. तो क्लिनर म्हणून येतो आणि सगळ्या नियमांमध्ये त्याला हाच एक विनोदी वाटतो. पहिल्या महिन्यात मीच वहीत दोनदा खोटं लिहिलं. सवय, दुसरं काय.

परवा सिन्नरच्या अलीकडे पंपावर गाडी लावली. ताडपत्री आता खाली बांधतो, मागची जागा माझी. डोळा लागतोय तोवर शेठचा फोन. भाच्याने उचलला.

“मामा झोपलेत.”

पलीकडून बराच वेळ बोलणं ऐकू येत होतं. शेवटी पोरगा म्हणाला, “किती वेळ ते थांबा, वहीत बघून सांगतो.”