चारच्या खाली

पूर्व पेनसिल्व्हेनियात घर घ्यायला निघालं की वाळवी, छप्पर आणि फर्नेस यांच्या जोडीला रेडॉनचं नाव कानावर येतंच. लीहाय व्हॅलीत आम्ही घर घेतलं तेव्हाही आलं. विकणाऱ्यांनी मे महिन्यात चाचणी करून घेतली होती आणि आकडा होता ३.७. "चारच्या खाली आहे, काळजी नको," म्हणत आमच्या रिअल्टरने पान उलटलं. अमेरिकेची पर्यावरण संस्था ईपीए सांगते, की हवेत लिटरमागे ४ पिकोक्युरी किंवा त्याहून जास्त रेडॉन आढळला तर घराची दुरुस्ती करून घ्या. घरांच्या सौद्यात त्या ४ ची लक्ष्मणरेषा झाली आहे. अलीकडे असलं की सह्या होतात, पलीकडे गेलं की घासाघीस सुरू.

तेव्हा आमच्या बेसमेंटमध्ये खोके, एक ट्रेडमिल आणि गणपतीच्या मखराचं सामान एवढंच होतं. पुढे माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला आई-बाबा सांगलीहून आले, ऑक्टोबरात. आमचं घर उतारावर आहे, त्यामुळे बेसमेंटचं मागचं दार सरळ परसात उघडतं. खाली बाथरूम आहे, आणि बाबांच्या गुडघ्यांना वरच्या मजल्याचा जिना नको होता. त्यांची खोली खाली लावली. बाबा तिथे असे रमले की झोप, फोनवरचा पेपर, दुपारची डुलकी, थोरला शाळेतून आला की कॅरम, सगळं खालीच. जेवायला तेवढे वर यायचे. दिवसाचे अठरा-वीस तास ते त्या एका खोलीत असत.

शेजारच्या घराच्या बाहेरच्या भिंतीवरून एक जाड पांढरा पाइप छताच्या वर गेला आहे. मी तो रोज बघत होते. बाबांनी आल्याआल्या विचारलं, "ही पन्हळ खालून वर का गेलीय? आणि मध्ये पंखा कसला बसवलाय?" बाबा पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. पाणी, उतार आणि पाइप यांत काही खटकलं की त्यांना राहवत नाही. शेजारी निवृत्त शिक्षक आहेत, त्यांनी कुंपणावरूनच सगळं समजावलं. जाताजाता मला विचारलं, तुमचा आकडा किती? मी ३.७ म्हटल्यावर पुढचा प्रश्न आला: कोणत्या महिन्यातला?

जमिनीतल्या खडकात थोडंफार युरेनियम असतंच. त्याचा क्षय होत होत रेडियम बनतं आणि रेडियमपासून रेडॉन. आधीची सगळी मंडळी घन, खडकात अडकून पडलेली. रेडॉन वायू असल्यामुळे मातीतल्या फटींतून वाट काढतो. उघड्यावर आला तर वाऱ्यात विरून जातो, घराच्या पायाखाली आला तर काँक्रीटच्या भेगांतून, पाइपांभोवतीच्या फटींतून, सम्प पंपाच्या खड्ड्यातून आत शिरतो. आमच्या भागात तर रीडिंग प्राँग नावाचा जुन्या खडकांचा पट्टाच आहे, रीडिंग शहरापासून न्यू जर्सीमार्गे न्यूयॉर्कच्या दिशेने गेलेला. थंडीत घरातली गरम हवा वर चढून वरच्या फटींतून निसटते, तिची जागा भरायला खालून हवा ओढली जाते आणि तिच्याबरोबर मातीतला वायूही येतो. दारं-खिडक्या बंद असतातच. म्हणून मे महिन्यातला आकडा डिसेंबरात उपयोगाचा नाही. चाचणीच्या वेळी विकणाऱ्याने खिडक्या उघड्या ठेवल्या असतील, अशी शंका शेजाऱ्यांनी बोलून दाखवली. मला तसं वाटत नाही. मोठा फरक नुसत्या ऋतूनेही पडू शकतो.

हार्डवेअरच्या दुकानातून चाचणीचा संच आणला. तळहातावर मावेल असा चपटा पत्र्याचा डबा, आत जाळीखाली कोळशाचे बारीक दाणे. झाकण काढून तो ठेवून द्यायचा, सोबतच्या कागदावर तारीख आणि वेळ लिहायची. जमिनीपासून निदान वीस इंच वर, खिडकीपासून दूर, बाहेरच्या भिंतीला न चिकटवता. स्वयंपाकघरात किंवा बाथरूममध्ये ठेवायचा नाही. आम्ही तो बाबांच्या पलंगाशेजारच्या टेबलावर ठेवला. मुदत भरली की झाकण लावायचं, कडेने चिकटपट्टी फिरवायची आणि लगेच पोस्टात टाकायचा. रेडॉन ३.८ दिवसांत निम्मा होतो, त्यामुळे उशीर केला तर प्रयोगशाळेच्या हाती मोजण्याजोगं फारसं काही उरत नाही.

अडचण डब्याची नव्हती, आईची होती. डबा उघडण्याच्या बारा तास आधीपासून चाचणी संपेपर्यंत घराच्या सगळ्या खिडक्या बंद, दारं जाण्यायेण्यापुरतीच उघडायची. आईला फोडणी दिली की खिडकी उघडायची सवय, आणि दिवेलागणीला पुढचं दार थोडा वेळ उघडं हवंच. "लक्ष्मी यायच्या वेळेला दार लावून बसायचं?" मी म्हटलं, "आई, दोनच दिवस." तिने ऐकलं, पण त्या दोन दिवसांत भाजीला फोडणी म्हणून घातली नाही. सगळं उकडलेलं. निषेधच होता तो.

अहवाल आला: ९.२. पहिला आकडा ४ च्या दुपटीहून जास्त आला तर महिनोन्‌महिने चालणारी चाचणी करत बसू नका, अशीच आणखी एक छोटी चाचणी लगेच करा, असं ईपीएचं सांगणं आहे. ती केली, ८.४ आला. सरासरी ८.८.

"म्हणजे नक्की किती?" बाबांनी विचारलं. त्यांना पिकोक्युरी नको होता, मोजता येईल असं काही हवं होतं. एक पिकोक्युरी म्हणजे मिनिटाला साधारण २.२ अणू फुटतात, असं मी सांगितल्यावर ते टेप घेऊन खाली गेले. खोली १२ बाय १४ फूट, उंची ८. घनफुटांचे लिटर केले, पहिल्या अहवालातल्या ९.२ ने गुणलं आणि वर येऊन सांगितलं, "माझ्या खोलीत मिनिटाला पावणेआठ लाख अणू फुटतायत." आई भाजी निवडत होती. म्हणाली, "एवढे फुटतायत तर आवाज कसा नाही?"

मग बाबांना मी स्टॅन्ली वॉट्रसची गोष्ट सांगितली, कारण ती आमच्यापासून फार लांब घडलेली नाही. वॉट्रस लिमरिकच्या अणुवीज प्रकल्पावर इंजिनिअर होता. डिसेंबर १९८४ मध्ये तिथे किरणोत्सर्ग ओळखणारी फाटकं बसवली होती, कामगार बाहेर पडताना अंगावर काही चिकटलंय का ते बघायला. वॉट्रस फाटकातून गेला की घंटा वाजायची. प्रकल्पातून वीजनिर्मिती अजून सुरूही झाली नव्हती. शेवटी एका सकाळी तो आत शिरला आणि कामाला हात न लावता लगेच फाटकाकडे वळला. तरी घंटा वाजली. म्हणजे अंगावर जे होतं ते तो घरून घेऊन येत होता. बॉयरटाउनजवळच्या त्याच्या घरात मोजलं तर लिटरला सुमारे २,७०० पिकोक्युरी भरले. त्याआधी रेडॉन हा खाणींचा आणि युरेनियमच्या टाकाऊ मालाचा प्रश्न समजला जाई. साध्या राहत्या घरात, नुसत्या जमिनीतून एवढा येऊ शकतो, हे अमेरिकेला त्या घराने दाखवलं. बाबा या गोष्टीवर खूश झाले. "घरून अणू घेऊन कामावर!" हे त्यांनी सांगलीला फोन करून दोघातिघांना ऐकवलं.

घरात एक बॅटरीवरचा मॉनिटरही आणला, सतत आकडा दाखवणारा. पहिल्या दिवसाचा आकडा धरायचा नसतो, यंत्राला स्थिरावायला वेळ लागतो. बाबांनी वही केली. धरणावर असताना ते सकाळी साडेआठला पर्जन्यमापकाची नोंद घ्यायचे. इथेही तीच वेळ. रात्री आकडा चढे, दुपारी उतरे. वादळ येऊन हवेचा दाब पडला की चढे. बर्फाने जमीन गोठली तेव्हा तर चांगलाच वर गेला. रेडॉनला बाहेर निघायची जागा उरली नाही, घराखालची माती तेवढी मोकळी, असं बाबांनी अनुमान काढलं आणि ते बरोबर होतं. एका दुपारी खाली ३.९ दिसला म्हणून नवरा म्हणाला, "बघा, चारच्या खाली!" बाबांनी वही पुढे केली. रात्रीचा ११ होता.

एवढं होऊनही बाबा वर झोपायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, या वयात असल्या गोष्टीने काय होणार? "शंभरात किती जणांना कर्करोग होतो?" मी ईपीएचा तक्ता काढला. रेडॉन स्वतः श्वासाबरोबर आत जातो तसा बहुतेक बाहेरही येतो. त्याच्यापासून बनणारे पोलोनियमसारखे घन कण मात्र धुळीला चिकटतात, फुप्फुसांच्या आतल्या अस्तरावर बसतात आणि तिथेच फुटतात. त्यातून होणारा कर्करोग लगेच दिसत नाही, वर्षं जातात. अमेरिकेत वर्षाला सुमारे २१,००० मृत्यू रेडॉनमुळे होणाऱ्या फुप्फुसाच्या कर्करोगाने होतात, असा ईपीएचा अंदाज. धूम्रपानानंतरचं हेच दुसरं कारण. तक्त्यात ४ च्या ओळीत दोन आकडे होते. आयुष्यभर तेवढ्या रेडॉनमध्ये राहिलेल्या, कधीच धूम्रपान न केलेल्या हजार माणसांत ७ जण. ओढणाऱ्यांत हजारात ६२. सोडून दिलेल्यांचा धोका या दोहोंच्या मध्ये कुठेतरी.

बाबांनी तक्ता हातात घेतला आणि बराच वेळ बघत बसले. धरणाच्या साइटवर त्यांनी वीसेक वर्षं चारमिनार ओढली. सोडूनही बरीच वर्षं झाली, पण घरात तो विषय निघाला की ते उठून जातात. त्या दिवशी गेले नाहीत. "म्हणजे तुला नि मला एकच खोली, पण हिशेब वेगळा," एवढंच आईला म्हणाले. संध्याकाळी स्वतःची उशी घेऊन वर दिवाणखान्यात आले.

मला त्या ४ चा राग तेव्हा आला. जागतिक आरोग्य संघटना शक्यतो १०० बेकरेलच्या खाली राहा म्हणते. घनमीटरमागचा आकडा आहे तो. इथल्या मापात २.७ होतो. खुद्द ईपीएसुद्धा २ ते ४ च्या मधल्या घरांनीही दुरुस्तीचा विचार करावा असं लिहिते, आणि कोणतीही पातळी पूर्ण सुरक्षित नसते हेही. पण सौद्याच्या कागदावर यातलं काही उतरत नाही. तिथे ३.७ म्हणजे पास. आणि पास कोण झालं? घर. त्यात बीडी-सिगारेटने फुप्फुसं शेकलेला म्हातारा झोपणार की नुसता ट्रेडमिल उभा राहणार, हे विचारायला फॉर्मवर रकाना नाही.

दुरुस्तीचा माणूस राज्याचा परवाना असलेला होता. तिघाचौघांचे भाव घेऊन चौदाशे डॉलरच्या आसपास ठरलं. तो ज्या दिवशी आला त्या दिवशी बाबा गुडघे विसरून सकाळपासून खाली उभे. त्याने बेसमेंटच्या काँक्रीटला कोपऱ्यात गोल भोक पाडलं, खालची खडी-माती हाताने उपसून पोकळी केली. मग दूरच्या कोपऱ्यात सुतळीएवढं बारीक भोक पाडलं आणि त्याच्या तोंडाशी धुराची छोटी नळी धरली. इकडे मोठ्या भोकाला पंखा लावून ओढ दिली, तसा तिकडचा धूर वर जायचं सोडून वळला आणि बारीक भोकात खाली गेला. बाबांनी मला हाक मारून तो प्रयोग परत करून दाखवायला लावला. "धरणाच्या पायाखाली पाण्याचा दाब चढू नये म्हणून आम्ही निचऱ्याची भोकं ठेवायचो, तेच आहे हे. वर काही चढायच्या आत खालूनच काढून घ्यायचं." हे इंग्रजीत सांगायला त्यांना माझी गरज पडली नाही. हातवारे आणि अपलिफ्ट प्रेशर हे दोन शब्द पुरले.

सम्पच्या खड्ड्यावर पारदर्शक झाकण बसवून कडा सिलिकॉनने बुजवल्या, भेगा भरल्या. पाइप भिंतीतून बाहेर काढून छताच्या वर नेला, पंखा बाहेरच्या बाजूला बसवला. आतल्या पाइपवर इंग्रजी यू अक्षरासारखी काचेची नळी आहे, तिच्यात रंगीत द्रव. दोन्ही बाजूंची पातळी असमान असली की पंखा ओढतोय. सारखी झाली की तो बंद पडला. पंखा वर्षभर, चोवीस तास चालू ठेवायचा. रात्री कान दिला तर बारीक घुमतो. आईची झोप पहिले काही दिवस उडाली.

चोवीस तास जाऊ देऊन पुन्हा डबा ठेवला, पुन्हा खिडक्या बंद. या वेळी आईने फोडणी घातली, एक्झॉस्ट थोडा वेळ चालवलेला चालतो हे मी तिला वाचून दाखवलं होतं. आकडा आला ०.९. बाबा खाली परतले. सांगलीच्या घरात किती असेल, हे त्यांनी विचारलंच. आपल्या दख्खनच्या काळ्या बसाल्टमध्ये युरेनियम ग्रॅनाइटच्या मानाने कमी, आणि त्या घराच्या खिडक्या बाराही महिने सताड उघड्या. "मग मोजायलाच नको," आई म्हणाली. बाबांना मात्र मॉनिटर बरोबर न्यायचा होता.

तो त्यांना दिला नाही, कारण आता तो इथल्या महाराष्ट्र मंडळात फिरतोय. आमच्याकडच्या बऱ्याच घरांत आई-वडील आले की बेसमेंटमध्येच राहतात, ते किंवा कॉलेजातली मुलं. परवा एका मैत्रिणीचा फोन आला, मॉनिटर २.८ दाखवतोय, चारच्या खाली आहे ना? मी विचारलं, खाली कोण राहतं? सासरे, म्हणाली, नोव्हेंबरपासून. ते पूर्वी काय ओढायचे तेही तिने न विचारता सांगितलं. एका थंडीतल्या आकड्यावर ठरवू नये म्हणून तिने आता लांब मुदतीचा डिटेक्टर मागवला आहे. प्लॅस्टिकची छोटी चकती असते त्यात, तिच्यावर अल्फा कणांचे ओरखडे उठतात, निदान नव्वद दिवस ठेवायची. दुरुस्तीवाल्याचा नंबर तिने आधीच घेऊन ठेवलाय.