पहिले दहा दिवस

नर्मदा परिक्रमेची चौकशी करायला आमच्याकडे येणाऱ्यांत हल्ली जोडपी बरीच असतात. नुकतीच निवृत्त झालेली. वही-पेन घेऊन येतात. बूट कोणते घ्यावेत, सॅक केवढी, रोज किती किलोमीटर... आमची ही चहा घेऊन येते, जरा वेळ ऐकते आणि विचारते, "घरी तुम्ही दोघं दिवसभर बरोबर असता का हो?" ते हसतात. त्यांना वाटतं, काकू थट्टा करतायत.

म्हणून आज फक्त पहिल्या दहा दिवसांचं लिहितो. पुढचं पुन्हा कधीतरी.

आम्ही १४ नोव्हेंबर २०१६ ला, त्रिपुरी पौर्णिमेला, ओंकारेश्वरी संकल्प केला. त्याआधी सहाच दिवस, आठ तारखेच्या रात्री, पाचशे-हजाराच्या नोटा रद्द झाल्या होत्या. प्रवासासाठी काढून ठेवलेली सगळी रक्कम पाचशेच्या नोटांत! बँकेसमोरच्या रांगा पाहून मी म्हटलं, महिनाभर पुढं ढकलू. ही म्हणाली, "परिक्रमेत पैसे लागत नाहीत असं तुम्हीच वाचून दाखवलंत ना?" वाचून दाखवलं होतं खरं. जगन्नाथ कुंटे यांचं 'नर्मदे हर हर' आणि भारती ठाकूर यांचं पुस्तक आम्ही रोज रात्री दहा-दहा पानं असं वाचलं होतं. घरातले डबे-बिबे धुंडाळून, तिकिटं वजा जाता, अठराशे रुपये निघाले, सगळे शंभराच्या आणि दहाच्या नोटांत. ते घेऊन महाराष्ट्र एक्सप्रेसनं भुसावळ, तिथून खंडवा, पुढं बस.

तयारी म्हणाल तर दोन महिने सॅकमध्ये तांदूळ भरून सदाशिवगड चढलो, एवढीच. हिनं आयुष्यात पहिल्यांदा पंजाबी ड्रेस घातला, तोही साठीला आल्यावर, आणि पायात कॅनव्हासचे बूट. पहिल्या दिवशी आमच्या गल्लीत दारादारांतून माणसं बघत होती. मलाच अवघडल्यासारखं झालं, हिला काही नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. नर्मदा १३१२ किलोमीटरची, म्हणजे दोन्ही काठ धरले तर सव्वीसशेच्या वर. नदी सतत उजव्या हाताला ठेवायची. ओंकारेश्वरच्या दक्षिण काठानं पश्चिमेला समुद्रापर्यंत, तिथं नावेनं पलीकडं, उत्तर काठानं उलट अमरकंटक, आणि परत. बाटलीत नर्मदेचं पाणी घ्यायचं, ते शेवटपर्यंत सांभाळायचं. आणि मध्ये कुठंही नदी ओलांडायची नाही. ओंकारेश्वराचं देऊळ बेटावर, म्हणून त्याचं दर्शन संकल्पाआधीच उरकावं लागतं. मी नोकरीतली कितीतरी वर्षं कृष्णेचा पूल सायकलनं ओलांडून शाळेत गेलेला माणूस. मोरटक्क्याचा पूल दिसला तेव्हा पाय आपोआप तिकडं वळायला लागले. हिनं सॅक धरून मागं ओढलं.

पहिला प्रश्न चालीचा आला. कराडात बाजाराला जाताना मी पुढं आणि ही चार पावलं मागं, असंच आमचं वर्षानुवर्षं चालत आलेलं. तिथं चाराची पन्नास झाली, मग शंभर. मी झाडाखाली थांबायचो, ही येऊन टेकली की मी उठायचो. म्हणजे माझी विश्रांती झालेली आणि हिची व्हायचीच! दुसऱ्या दिवशी दुपारी कापसाच्या एका शेताजवळ ही उभी राहिली आणि म्हणाली, "अहो, आता मी पुढं. तुम्ही माझ्या मागनं यायचं." तेव्हापासून तसंच. मागून चालताना लक्षात आलं की ही डावं पाऊल जरा बाहेर टाकते. लग्नाला तेव्हा सदतीस वर्षं झाली होती.

दुसरा प्रश्न मागण्याचा. हा मला जड गेला, चालण्यापेक्षा जड. माझे वडील कराडला वार लावून शिकले. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. त्यांनी ते कधी रडून सांगितलं नाही, पण आम्हा भावंडांना एकच ताकीद होती, कुणाच्या दारात उभं राहायचं नाही. मी राहिलोही नाही. आणि आता चौसष्टाव्या वर्षी, निमाडातल्या एका बोळात, संध्याकाळी, पीठ मागायचं होतं. आश्रम पुढं चार कोसांवर, अंधार पडत आलेला. मी सॅकचे बंद उगाच सोडबांध करत राहिलो. ही सरळ दारात गेली आणि "नर्मदे हर!" म्हणाली. आतून एक म्हातारी आली. तिनं विचारलं, "कितनी मूर्ती?" तिकडं परिक्रमावासीयांची गणती मूर्तींत करतात. ही म्हणाली, "दो." पीठ मिळालं नाही, कारण म्हातारीनं ते देऊच दिलं नाही. आत बसवून ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी वाढली. कुडाचं घर, एक दिवा. निघताना मी शंभराची नोट पुढं केली. त्या आठवड्यात शंभराच्या नोटेला काय किंमत होती ते आठवून पाहा. म्हातारीनं हात मागं घेतला. "मैया का है," म्हणाली.

रात्री मला झोप नव्हती. ही मात्र लगेच घोरायला लागली.

चौथ्या दिवशी रावेरखेडी. २८ एप्रिल १७४० रोजी थोरले बाजीराव इथं गेले. राणोजी शिंद्यांनी बांधलेली समाधी, भोवती धर्मशाळेसारखा तट, आणि खाली नर्मदा. वर्गात मी हे एका वाक्यात संपवत असे, 'रावेरखेडी येथे त्यांचे निधन झाले.' परीक्षेत रिकामी जागा भरा. तिथं उभं राहून हिला पालखेडपासून सगळं सांगायला लागलो. हिनं ऐकून घेतलं आणि विचारलं, "शेवटी काशीबाई होत्या ना जवळ? त्या एवढ्या लांब कशा आल्या?" म्हटलं, मेण्यातून आल्या असतील. "मग गुडघे तरी शाबूत राहिले असतील बाईंचे," म्हणाली आणि पायरीवर बसली. तेव्हा मला कळलं की हिचा गुडघा दुखतोय.

पुढच्या गावी, बकावांला, तो सुजून नारळाएवढा झाला. या गावात नर्मदेतल्या दगडांची शिवलिंगं घडवतात, दिवसभर घासण्याचा आवाज. ज्यांच्या ओसरीवर आसन लावलं होतं त्या घरच्या बाईंनी रुईची पानं तेल लावून गरम केली आणि बांधली. दोन दिवस आम्ही तिथंच. मी मनात परतीची सगळी आखणी केली, सनावदहून बस, खंडव्याहून गाडी. दुसऱ्या रात्री ती बोलूनही दाखवली. डॉक्टरांनी काय सांगितलं होतं याची आठवण दिली, आवाज थोडा वर्गातला लागला असेल. हिनं पान काढून गुडघा दाबून पाहिला. "गुडघा माझा आहे," म्हणाली. "ठरवायचं मी. उद्या पाच किलोमीटर चालते. नाही जमलं तर तुमची बस."

पाचाचे सहा झाले. दुसऱ्या दिवशी आठ. तेली भट्याणला सियारामबाबांच्या आश्रमात चहा घेतला. बाबा आता नाहीत, डिसेंबर २०२४ मध्ये गेले. दहा रुपयांवर दान घेत नसत, म्हणून मी दहाचीच नोट ठेवली. त्या दहा दिवसांत आनंदानं खर्च केलेला पैसा तेवढाच.

अमृतलाल वेगडांची इथं आठवण होते. जबलपूरचे हे चित्रकार १९७७ साली, पन्नाशीला आल्यावर, नर्मदाकाठी चालायला लागले, एका दमात नव्हे, तुकड्या-तुकड्यांनी. उतारवयात त्यांच्या पत्नी कांताबाईही बरोबर चालत. वेगडांनी पुस्तकं लिहिली. कांताबाईंनीही एक लिहायला हवं होतं असं माझं मत.

दहाव्या दिवशी नावडाटोली. डेक्कन कॉलेजच्या सांकलियांनी १९५० च्या दशकात इथं उत्खनन करून ताम्रपाषाणयुगातली वस्ती उजेडात आणली. पण आमचं लक्ष कुठलं त्या टेकाडांकडं! समोर, पाण्यापलीकडं, महेश्वर. अहिल्याबाईंचा किल्ला, घाटांच्या पायऱ्या, पायऱ्यांवर वाळत घातलेले कपडेसुद्धा दिसत होते. नावाडी विचारून गेला, "उस पार, बाबाजी?" दहा मिनिटांचं अंतर, आणि जायचं नाही.

ही बराच वेळ बघत बसली. मग म्हणाली, "आपण त्या काठाला कधी येणार?"

"समुद्रापर्यंत जाऊन उलट यायचं. दोन महिने तरी."

"महेश्वरी साडी कितीला असते हो?"

मला कुठलं माहीत! हिनं कमरेची पिशवी सोडून पैसे मोजले. अठराशेतले सतराशे दहा शिल्लक होते. परत बांधून ठेवले, गुडघ्याचा पट्टा आवळला आणि पुढं चालायला लागली. मी सॅक उचलून मागून निघालो.