गुलछडीचा ठोंब

आमच्या मुरूमच्या घरी न्हाणीच्या भिंतीला टेकून एक हिरवागार झुपका बसलेला असायचा. नव्या माणसाला वाटावं, कुणीतरी कांद्याची पात काढायची विसरलंय. पाती लांब, चिंचोळ्या, मध्ये पन्हळ पडलेली, बुडाशी तांबूस ठिपके. वाऱ्यानं एका अंगाला कलायच्या आणि वारा पडला तरी तशाच कललेल्या राहायच्या. पुस्तकात हिचं नाव निशिगंध आणि लग्नाच्या हारवाल्याकडे रजनीगंधा. आमच्या गल्लीत ती गुलछडी.

आईनं ती लावली तेव्हा तीन कंद होते, लिंबाएवढे. पहिल्याच पावसाळ्यात तिन्हींतून छडी वर आली. गुलछडीची छडी सरळ उठते आणि कळ्या खालून वर उमलत जातात. आज खालची जोडी, उद्या तिच्या वरची. दिवसा वास बेताचा. दिवेलागण झाली की मात्र अंगण भरून जाई. मुळात ही फुलं रात्री हिंडणाऱ्या पतंगांसाठी. पांढरा रंग अंधारात दिसावा आणि वास लांबवर पोचावा, असाच त्यांचा घाट. खुडल्यावरही फूल वास देत राहतं. म्हणून फ्रान्समधल्या ग्रास गावचे अत्तरवाले गुलछडीची आणि जाईच्या जातीची फुलं चरबीच्या थरावर पसरून ठेवत आणि फुलानं सोडलेला वास त्या चरबीत धरून घेत. आमच्याकडे तेच काम आईच्या अंबाड्यानं केलं.

दुसऱ्या वर्षी सात-आठ छड्या आल्या. तिसऱ्या वर्षी चार, त्याही आखूड. मग एकच. आणि त्यानंतर नुसती पात.

पात मात्र काय माजली होती! बुडाशी कुठं माती दिसायची नाही. आम्हाला वाटलं, खत कमी पडतंय. उसाला आणलेल्या युरियातला मूठभर तिच्या बुडात गेला. पात आणखी गर्द झाली, छडी नाही. न्हाणीचं पाणी बारा महिने तिकडंच वळलेलं होतं. शेजारचा कडुलिंब मोठा झाला होता आणि भिंतही मध्यंतरी दोन हात उंच झाली होती. दिवसातून तासभर ऊन लागलं तर लागलं. आमच्या हिशेबानं तिचं सगळं छान चाललं होतं.

एकदा शेजारच्या अक्का वाटीभर ताक मागायला आल्या आणि झुपक्यासमोर थांबल्या.

"काय गं, फुलंना गेलीय का ही?"

"चार वर्षं झाली, अक्का. पाणी देतो, खत देतो."

"पाण्यानं काय व्हतंय? खाली किती लेकरं झाल्यात ते बघितलंस का? एका अंथरुणात वीस जणं निजवल्यावर कुणाला झोप लागंल? काढ तिला. चैतात काढ."

चैत्रात पाणी तोडलं. पात पिवळी पडून वाळू दिली आणि मग कुदळ घातली. ठोंब निघता निघेना. पहारीनं उचकटला तेव्हा घमेलंभर एकच ढेकूळ वर आलं. अंगणात आपटून माती झाडली आणि प्रथमच तिचं घर आतून पाहिलं.

मधोमध सुकलेली खोडकं होती, हलकी, पोकळ, नखानं दाबली की चुरा होणारी. तेच आईनं लावलेले मूळ कंद. भोवती पिलं, त्या पिलांना पिलं, एकमेकांच्या अंगावर इतकी दाटलेली की गोल असायची ती चपटी झाली होती. एकावर दुसऱ्याच्या अंगाचा खळगा उमटलेला. मोजली तर साठाच्या वर भरली. त्यातली लिंबाएवढी पाच-सहा. बाकीची लसणाच्या पाकळीएवढी. न्हाणीकडच्या बाजूची काही सडून बोटाला चिकटत होती.

गुलछडीचा स्वभाव त्या ढेकळात लिहिलेला होता. तिचा एक कंद आयुष्यात एकदाच फुलतो. छडी देतो आणि संपतो. जाताना भोवती पिलं ठेवून जातो. पिलू फुलायचं तर आधी त्यानं अंग धरावं लागतं. साधारण दोन-अडीच सेंटिमीटर जाडीचा झाल्याशिवाय कंद छडीचा विचार करत नाही. अंग धरायला पातीनं उन्हात अन्न तयार करून खाली पोचवावं लागतं. ऊन नसेल तर अन्न नाही. जागा नसेल तर ते वीस तोंडांत वाटलं जातं. आणि नुसतं नत्र मिळालं तर सगळा जोर पातीत जातो.

हा स्वभाव तिच्या घराण्याचाच. माहेर तिचं मेक्सिको. तिथले जुने अझ्टेक लोक तिला 'ओमीशोचित्ल' म्हणत, म्हणजे हाडाचं फूल. तो मेणचट पांढरेपणा पाहिला की नाव पटतं. वनस्पतीशास्त्रात ती आज घायपाताच्या कुळात, अगदी अगेव्ह याच वंशात मोडते. आपल्या बांधावरचं घायपात आठवा. वर्षानुवर्षं नुसती काटेरी पानं घेऊन बसतं, मग एकदाच खांबासारखा दांडा आभाळात घालतं आणि वाळून जातं, बुडाशी पिलं सोडून. मोठ्या बहिणीनं बांध धरला, धाकटीनं अंगण.

आमच्या भागातल्या माणसाला जुन्या ठोंबाचं हे थकणं परकं वाटू नये. विठ्ठलसाई साखर कारखान्याच्या आसपास ऊस पिकवणाऱ्या कुणालाही विचारा; लावणीचा ऊस वेगळा, खोडवा वेगळा, आणि खोडव्यामागून खोडवा घेत गेलं की उतारा घटणारच. फुलशेती करणारेही गुलछडी तीन वर्षांच्या वर एका जागी ठेवत नाहीत. बंगळुरूच्या बागायती संशोधन संस्थेनं काढलेल्या शृंगार, प्रज्वल, सुवासिनी, वैभव या जाती असोत की राहुरीच्या कृषी विद्यापीठाची फुले रजनी, हा नियम सगळ्यांना लागू. एकेरी पाकळीची हाराला आणि वासाला, दुहेरी फुलदाणीला, एवढाच फरक.

थंड मुलखातल्या आयरिसचीही हीच गोष्ट. काश्मीरमध्ये कबरस्तानांतून निळी-पांढरी आयरिस फुललेली दिसते. तिचं आडवं खोड पाठीवर ऊन मागतं. खोल पुरलं, सावलीत गेलं, तीन-चार वर्षांत फोडून वेगळं केलं नाही, की तिथंही पानंच उरतात. कुळ वेगळं, मुलूख वेगळा, तक्रार एक.

त्या ढेकळातले कंद आम्ही निवडले. सडके फेकले. बाकीचे सोप्यात सावलीला पसरले, महिनाभर विसाव्याला. न्हाणीची जागा सोडली आणि अंगणात पूर्वेला, दिवसभर ऊन येतं तिथं वाफा केला. इथली काळी माती पाणी धरून ठेवते आणि थांबलेल्या पाण्यात कंद कुजतो. त्यावरचा उपाय गावाच्या नावातच आहे. दोन घमेली मुरूम मातीत कालवला, जुनं शेणखत टाकलं, चुलीची राख टाकली. वैशाखाच्या शेवटी मोठे कंद वीत-वीतभर अंतरावर, चार बोटं खोल लावले. बारके वेगळ्या वाफ्यात, वर्षभर अंग धरायला.

गौरी बसायच्या महिनाभर आधी एका सकाळी पाहिलं तर एका पातीच्या पोटातून फिकट हिरवं टोक वर आलं होतं. पात चपटी असते, हे गोल होतं. बोटांत धरलं तर आत कळ्यांची उतरंड हाताला लागली. गौरींपुढं त्या वर्षी पाच छड्या होत्या. संध्याकाळी अक्का हळदी-कुंकवाला आल्या, उंबऱ्यातच थांबल्या आणि म्हणाल्या, "लागली बघ झोप."

ती चार वर्षं गुलछडी रुसली नव्हती आणि वांझही झाली नव्हती. ती पिलं वाढवत होती आणि पिलांना जागा नव्हती. आम्ही पाणी दिलं, खत दिलं, सावली दिली. तिला हवं होतं ऊन आणि मोकळीक.

तुमच्याही परसात असा एखादा गर्द झुपका असेल, वर्षानुवर्षं नुसता हिरवा. त्याला आणखी खत घालू नका. चैत्रात पाणी तोडा, ठोंब उकरा, पिलं सुटी करा आणि उन्हात लावा. सगळी तुमच्या अंगणात मावणार नाहीत. उरतील ती पाच घरी वाटा.